चढणीच्या माशांचे निरीक्षण (पंचगंगा खोरे)

पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढणाऱ्या माशांची जात, संख्या, वय आणि चढण्या-उतरण्याचा काळ वर्षानुवर्षे एकाच रीतीने नोंदवणे. धरणे-बंधाऱ्यांनी अडवलेल्या नद्यांत या नोंदींना विशेष महत्त्व येते. हे शास्त्र मुख्यतः युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड पाण्याच्या नद्यांत, ट्राउट आणि सॅमन या माशांवर घडले. ट्राउट पंचगंगेत नाही; भारतात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा थंड प्रदेशांतल्या ओढ्यांत बाहेरून आणून सोडलेला आहे. कोल्हापूरकडे चढणीचे मासे म्हणून पाहावयाचे ते खडस आणि कोळशी.

खडस म्हणजे दख्खनचा म्हाशीर (खुदरी). ब्रिटिश लष्करी अधिकारी व निसर्ग-अभ्यासक विल्यम हेन्री साइक्स याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा खुदरी, कोळस (म्हणजे कोळशी), मुसुल्ला ही स्थानिक नावेच त्याने शास्त्रीय नामांत घेतली. यांपैकी मुसुल्ला नेमका कोणता, यावर पुढे दीर्घ वाद झाला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी तो उंच पाठीचा म्हाशीर मानला आणि ते मत अनेक वर्षे प्रचलित राहिले. नंतर दुसरे मत्स्यशास्त्रज्ञ के. सी. जयराम यांनी मूळ वर्णनाची फेरतपासणी करून तो म्हाशीर नसून कोळशीच्या प्रजातीतला (जीनसमधला) असल्याचे मांडले. साइक्सचे मूळ नमुने उपलब्ध नसल्याने भिस्त वर्णनावर व चित्रावरच आहे. तरीही दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कावेरीतील पाठीवर मदार (उंचवटा) असलेल्या म्हाशीरालाही पूर्वी मुसुल्ला म्हणत. तो वेगळी जात असल्याचे २०१८ मध्ये दाखवले गेले. हा वाद केवळ नावापुरता नाही. जुन्या नोंदीत ‘मुसुल्ला’ असे आढळले, तर तो मासा म्हाशीर म्हणून मोजावा की नाही, हे त्यावर ठरते. प्रत्यक्ष हातात मासा असेल तर खवले मोजावेत: खुदरीच्या बाजूच्या रेषेवर साधारण २५ ते २७ मोठे खवले असतात, कोळशीच्या ४० च्या आसपास. अंगठ्याच्या नखाएवढा खवला आणि जाड, मांसल ओठ दिसले की भोई मंडळी न मोजताच खडस ओळखतात.

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी एकत्र येऊन पंचगंगा होते (पाचवी सरस्वती गुप्त मानतात). प्रयाग चिखलीपासून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळेपर्यंत तिची लांबी सुमारे ८० किमी. शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ हे तिच्यावरील बंधारे कोल्हापूर पद्धतीचे आहेत. दगडी खांबांच्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) बसवायचे आणि पावसाआधी काढायचे, ही त्यांची रीत. त्यामुळे मासा चढतो त्या दिवसांत बंधाऱ्याची दारे मोकळी असतात. पाणी कमी असताना मात्र अरुंद गाळ्यांतून ते जोरात वाहते आणि लहान मासा मागे रेटला जातो. पूर वाढून दोन्ही बाजूंची पातळी जवळजवळ सारखी झाली की अडथळाच उरत नाही. ‘बंधारा पाण्याखाली गेला’ ही दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणारी ओळ वाहतुकीच्या इशाऱ्यासाठी छापली जाते. माशांच्या दृष्टीने तीच वाट खुली झाल्याची तारीख असते. निरीक्षकाने बरगे काढल्याची, बंधारा बुडाल्याची, तो पुन्हा उघडा पडल्याची आणि बरगे घातल्याची, अशा चारही तारखा माशांच्या नोंदीशेजारी लिहाव्यात. बरगे लवकर घातले गेले, तर उतरणीचा मासा दोन बंधाऱ्यांमध्ये कोंडला जातो. तिथल्या संथ पाण्यात चिलापी (टिलापिया मासा) फोफावते. सांडपाणी साचून प्राणवायू घटला की मासे मरून वर येतात. अशा मेलेल्या माशांची मोजदाद उपयोगी खरी, पण ती जिवंत संख्येचे माप नव्हे.

धरणांचा अडथळा मात्र बारमाही. भोगावतीवरील राधानगरी धरणाला ७ स्वयंचलित दरवाजे आहेत, पण धरण भरल्याशिवाय ते उघडत नाहीत. पावसाळ्याचे पहिले पाणी धरणातच साठते आणि माशाला चढण्याची खूण देणारा पहिला लोंढा खाली बोथट होऊन येतो.

संख्येच्या अंदाजासाठी डॅनिश शास्त्रज्ञ पेटरसन याच्या नावाने ओळखली जाणारी खूण-पद्धत वापरतात. समजा ५० मासे खूण करून सोडले, पुढच्या खेपेला ४० सापडले आणि त्यांत ८ खुणेचे निघाले. तर एकूण मासे सुमारे २५० (५० × ४० ÷ ८). दोन खेपांच्या मध्ये मासा बाहेर गेला वा आत आला नाही, हे गृहीत धरावे लागते. म्हणून पुराच्या दिवसांत हे गणित टिकत नाही; बरगे घातल्यानंतरच्या कोंडलेल्या पाण्यात ते अधिक विश्वसनीय. खवल्यावरील वलयांवरून वय काढण्याची ट्राउटसाठी रुळलेली रीत इथे जपून वापरावी, कारण ती वलये थंडीत मंदावलेल्या वाढीची असतात आणि आपल्याकडे तशी थंडी नाही.

अहीर (ईल) हा सापासारखा लांब, समुद्रात जन्मून नदीत वाढणारा मासा. साइक्सने त्याला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याचे नाव दिले होते; ते आता बंगाली अहिराचेच पर्यायी नाव धरतात. बंगालच्या उपसागरातून इथवर यायचे, तर त्याच्या पिलांना नागार्जुनसागर, श्रीशैलम, नारायणपूर आणि अलमट्टी ही धरणे ओलांडावी लागतात.