गणपतीपुळे

गणपतीपुळे हे रत्नागिरी जिल्ह्यातील समुद्रकाठचे देवस्थान आणि पर्यटनस्थळ. रत्नागिरीच्या उत्तरेस सुमारे २५ किमीवर. पुण्याहून कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून जाता येते. अंतर सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पुणेकर शनिवार-रविवार गाठून धावत जाऊन येतात, पण घाटरस्ता पाहता दोन मुक्काम तरी हवेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान थेट किनाऱ्यालगत आहे. गावात खाणावळी आणि घरगुती राहण्याच्या सोयीही पुष्कळ.

‘पुळे’ हा शब्द ‘पुळण’, म्हणजे समुद्रकाठची वाळू, यावरून आला असे सांगतात. किनाऱ्यावर अनवाणी उभे राहिले की ते पटते. परतणारी लाट टाचांखालची वाळू ओढून नेते आणि पाय हळूहळू घोट्यापर्यंत रुततो.

गणपती या पुळणीवर कसा आला, याच्या कथा मात्र याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावाशी जोडलेल्या आहेत. ‘गुळ्याचा गणपती पुळ्याला गेला’ अशी म्हण या भागात प्रसिद्ध आहे. गुळे म्हणजे रत्नागिरीच्या दक्षिणेस, पावस गावाजवळचे गणेशगुळे. तिथल्या मूर्तीच्या नाभीतून पाण्याची धार वाहत असे. ती एकाएकी थांबली तेव्हा देव गाव सोडून गेला, असे लोक समजले. दुसऱ्या कथेत एका बाईच्या बोलण्याने देव रुसून निघाला. पुळ्याची कथा याच्या पुढची. संकटात सापडलेले गावचे खोत बाळभटजी भिडे केवड्याच्या बनात अन्नपाणी सोडून बसले. गणपतीने स्वप्नात येऊन, ‘मी गुळ्याहून इथे आलो आहे’, असे सांगितले. त्याच सुमारास त्यांची एक गाय घरी दूध देईना. गुराख्याने पाळत ठेवली, तर डोंगराच्या पायथ्याशी एका शिळेवर तिच्या सडांतून आपोआप धार लागलेली! तीच ही स्वयंभू मूर्ती. म्हण आणि स्वप्न एकमेकांना इतके चपखल जुळते, की दोन्ही गावांनी मिळून ही कथा जपली आहे असे वाटते.

मंदिर पश्चिमाभिमुख, समोर समुद्र. संपूर्ण डोंगरच गणेशरूप मानतात, म्हणून प्रदक्षिणा डोंगराला घालायची. जांभ्या दगडाची ही वाट साधारण एक किलोमीटरची आहे. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला लाटांचा आवाज. घाईत असलात तरी ही प्रदक्षिणा चुकवू नये.

समुद्र दिसायला शांत, पण पोहायला धोक्याचा. आतल्या ओढीने इथे अनेकांचे जीव गेले आहेत. जीवरक्षकांनी थांबवले तर वाद न घालता मागे फिरावे.

जवळच्या मालगुंडला १८६६ साली कवी केशवसुतांचा जन्म झाला. तिथे त्यांचे स्मारक आहे.

पेठापेठांत मंडळे पाहिलेल्या पुणेकराला एका गोष्टीचे नवल वाटते. भाद्रपद चतुर्थीला पुळ्यात घरोघरी मूर्ती आणण्याची प्रथा नाही. डोंगराखालचा तोच सगळ्यांचा घरचा गणपती.