इपा अनुदान: बाल्कनमधील नागरी संस्थांचे अर्ज नेमके कोठे अडतात

युरोपीय संघात प्रवेशाची वाट पाहणाऱ्या देशांना संघाकडून जो पूर्वप्रवेश साहाय्य निधी मिळतो, त्याला त्या भागात सगळे ‘इपा’ म्हणतात. सध्याचा तिसरा टप्पा २०२१ ते २०२७ या काळासाठी असून त्याची एकूण तरतूद सुमारे १४ अब्ज युरोंची आहे. सर्बिया, बॉस्निया आणि हर्झगोविना, कोसोव्हो, माँटेनेग्रो, उत्तर मॅसेडोनिया, अल्बानिया आणि तुर्कस्तान हे त्याचे लाभार्थी आहेत. मोठा वाटा सरकारी सुधारणांवर खर्च होतो. नागरी संस्था आणि माध्यमांसाठी वेगळा कार्यक्रम आहे, आणि हे लेखन त्यातील अनुदानाच्या अर्जापुरते आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड या तिच्या परदेशी मदत संस्थेचे काम अधिकृतपणे संपले. त्या पैशावर चालणाऱ्या अनेक संस्था आता याच दारात उभ्या आहेत. या संस्थांसाठी सारायेव्हो किंवा बेलग्रेडमध्ये, किंवा पुण्यात बसून अंदाजपत्रके आणि अर्ज तयार करणारी मराठी मंडळीही आहेत, म्हणून हे मराठीत लिहीत आहे.

पात्रतेची व्याख्या ऐकायला सोपी आहे. प्रमुख अर्जदार कायदेशीर नोंदणी असलेली, नफा न कमावणारी संस्था असावी, ती आवाहनात, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिरातीत, दिलेल्या देशात स्थापन झालेली असावी, आणि प्रकल्पाची आखणी व अंमलबजावणी तिने स्वतः करावी. दुसऱ्याचा पैसा पुढे सरकवणारा मध्यस्थ चालत नाही. भारतात नोंदलेली संस्था सहसा या चौकटीत बसत नाही, मात्र पात्र संस्थेत काम करणाऱ्या माणसाच्या नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. संस्था नोंदवणे अवघड नाही. सर्बियात २००९ च्या कायद्यानुसार तीन संस्थापक पुरतात, कोसोव्होत २०१९ च्या कायद्यानुसारही तीनच, आणि उत्तर मॅसेडोनियात २०१० च्या कायद्यानुसार पाच लागतात. त्यानंतर युरोपीय संघाच्या ऑनलाइन प्रणालीत संस्थेची नोंद करावी लागते. ही प्रणाली अधूनमधून बदलते, त्यामुळे मागच्या वेळची वाट न धरता आवाहनात दिलेलीच वापरावी.

खरी अडचण संस्थेच्या कायदेशीर नोंदणीच्या कागदावरच येते, आणि ती बहुतेकांना शेवटच्या टप्प्यावर कळते. अर्जासोबतच्या घोषणापत्रावर सही करणारी व्यक्ती तीच असावी लागते, जिचे नाव नोंदवहीत संस्थेची अधिकृत प्रतिनिधी म्हणून आहे. मध्य बॉस्नियातील एका छोट्या गावातल्या महिला संस्थेची फाइल मी पाहिली होती. निळ्या फोल्डरमध्ये सगळे कागद क्रमाने लावलेले होते, प्रत्येकावर संस्थेचा गोल शिक्का ठसठशीत उमटलेला होता आणि सही नव्या अध्यक्षांची होती. नोंदवहीच्या उताऱ्यावर, ज्याला तिथे ‘इझ्वोद’ म्हणतात, जुन्या अध्यक्षांचेच नाव होते. निवडणूक दोन वर्षांपूर्वी झाली होती, सभेचा ठरावही होता, पण तो नोंदणी कार्यालयात कोणी नेऊन दिला नव्हता. प्रकल्प निवडीच्या यादीत वर होता, तरीही तो इथेच थांबला. बॉस्नियात हे जास्त घडते, कारण तो देश फेडरेशन आणि रेपुब्लिका सर्प्स्का अशा दोन स्वायत्त भागांत विभागलेला आहे, आणि तिथे संस्था देशाच्या न्याय मंत्रालयात, फेडरेशनच्या मंत्रालयात, फेडरेशनमधील कॅन्टनमध्ये (प्रांतात) किंवा रेपुब्लिका सर्प्स्कात न्यायालयात नोंदलेली असू शकते, आणि बदल कळवायचा तर तो त्याच ठिकाणी कळवावा लागतो. माझी कळकळीची विनंती आहे की आवाहन निघण्याची वाट न पाहता आजच ताजा उतारा मागवावा. त्यावरचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक संस्थेच्या घटनेशी व बँकेच्या कागदांशी अक्षरन्‌अक्षर जुळवून पाहावा. नावात एखादा स्वर कमी-जास्त असला तरी पत्रव्यवहारात आठवडे जातात.

अनुवादाचा मुद्दा याच्याच जोडीचा आहे. घटना आणि उतारा युरोपीय संघाच्या अधिकृत भाषेत नसेल तर पात्रता सिद्ध करणाऱ्या भागांचा आवाहनाच्या भाषेत, म्हणजे बहुधा इंग्रजीत, अनुवाद जोडावा लागतो. सर्बियन, बॉस्नियन, अल्बानियन आणि मॅसेडोनियन या संघाच्या भाषा नाहीत. क्रोएशियन मात्र २०१३ पासून आहे, त्यामुळे जवळजवळ सारखाच मजकूर एका संस्थेला अनुवादासह आणि दुसरीला तसाच देता येतो, हे तिथल्या लोकांना विचित्र वाटते आणि ते रास्तच आहे. तरीही अनुवाद सर्वांनीच द्यावा. निवड झाल्यावर हे कागद मागवले जातात तेव्हा दिलेली मुदत इतकी थोडी असते की अनुवादकाकडे धावपळ करायला वेळ उरत नाही.

मुदतीबद्दल तीन गोष्टींत गैरसमज वारंवार दिसतात. पहिली अशी की दोन टप्प्यांच्या आवाहनात जाहीर झालेली तारीख फक्त संकल्पना टिपणाची, म्हणजे प्रकल्पाची कल्पना थोडक्यात मांडणाऱ्या टिपणाची, असते. ते टिपण ५० पैकी किमान ३० गुण मिळवून पुढे गेले तरच पूर्ण अर्ज मागवला जातो आणि त्याची तारीख पत्राने कळते, त्यामुळे वेळापत्रकातील पुढच्या तारखा केवळ अंदाज म्हणूनच वाचाव्यात. दुसरी गोष्ट वेळेची आहे. मुदत ब्रसेल्सच्या घड्याळाने असते आणि भारतात बसलेल्यांचे हिशेब इथेच चुकतात. ब्रसेल्सचे दुपारचे बारा हिवाळ्यात आपल्याकडचे साडेचार असतात आणि उन्हाळ्यात साडेतीन. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासाने पुढे जाते, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात एप्रिलची मुदत वहीत साडेचार लिहून ठेवलेल्या माणसाचा अर्ज तासभर उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेला अर्ज कोणी उघडूनही पाहत नाही. तिसरी गोष्ट प्रश्नांची आहे. शंका मुदतीच्या २१ दिवस आधीपर्यंत लेखी विचारता येतात आणि उत्तरे ११ दिवस आधीपर्यंत सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. त्या उत्तरांमध्ये अनेकदा मार्गदर्शक सूचनांतील संदिग्ध वाक्याचा खरा अर्थ दडलेला असतो, तरी ती वाचणारे फार थोडे आहेत.

अंदाजपत्रकात पहिला अडथळा टक्केवारीचा येतो. संघ पूर्ण खर्च सहसा देत नाही. समजा कमाल मर्यादा ९० टक्के आहे, एकूण पात्र खर्च २,११,११० युरो आहे आणि मागणी १,९०,००० युरोंची आहे. ९० टक्के होतात १,८९,९९९. मागणी एका युरोने जास्त आहे, आणि छाननी करणाऱ्याला अर्ज बाद करायला तेवढे कारण पुरते. मागणी खाली उतरवून पूर्णांकात ठेवावी. उरलेला वाटा युरोपीय संघाच्या दुसऱ्या कुठल्याही निधीतून दाखवता येत नाही. कार्यालयीन अप्रत्यक्ष खर्च जास्तीत जास्त ७ टक्के धरता येतो, पण तो थेट पात्र खर्चाच्या ७ टक्के असतो, एकूण रकमेच्या नव्हे. चलनाच्या दरातील तोटा संस्थेनेच सोसायचा असतो. कोसोव्हो आणि माँटेनेग्रोत युरोच चालतो, बॉस्नियाचा मार्क युरोला बांधलेला आहे, तेव्हा ही काळजी मुख्यतः इतरांनी करायची.

मूल्यवर्धित कराचा प्रश्न मात्र मोठा आहे. हा कर सर्बियात २० टक्के आणि बॉस्नियात १७ टक्के आहे. इपाच्या करारांनुसार या प्रकल्पांच्या खरेदीवर करमाफी असते, म्हणून भरलेला कर सहसा खर्चात धरला जात नाही. परंतु माफीचे प्रमाणपत्र आपोआप मिळत नाही. संस्थेला ते स्थानिक कर कार्यालयातून खरेदीच्या आधी घ्यावे लागते. आधी संगणक घेऊन नंतर प्रमाणपत्रासाठी गेलेल्या संस्थांनी तो कर स्वतःच्या खिशातून भरलेला मी पाहिला आहे. ज्या संस्थेचे वर्षाचे भाडेच तेवढे असेल तिच्यासाठी ही किरकोळ चूक राहत नाही, आणि ही अट करारपत्राच्या पहिल्या पानावर ठळक छापणे कोणालाही अशक्य नव्हते.

साडेसात लाख युरोंहून मोठ्या अनुदानासाठी लेखापरीक्षकाचा अहवाल लागतो. त्याहून लहान अर्जाला शेवटच्या बंद झालेल्या वर्षाचा ताळेबंद, सहअर्जदारांचे अधिकारपत्र आणि बँक खात्याच्या तपशिलाचा भरलेला नमुना पुरतो.

ज्या गटांची नोंदणीच नाही, किंवा ज्यांच्याकडे इंग्रजीत लिहिणारे कोणी नाही, त्यांनी थेट अर्जाच्या मागे लागू नये, असा सल्ला मी मनावर दगड ठेवून देतो. मोठ्या संस्थांना मिळालेल्या अनुदानातून पुढे छोटी उपअनुदाने वाटली जातात. एका लाभार्थ्याला सर्वसाधारणपणे ६०,००० युरोंपर्यंत रक्कम मिळू शकते, अर्ज अनेकदा स्थानिक भाषेत घेतले जातात, आणि आवाहनात मुभा असेल तर अनौपचारिक गटही पात्र ठरतात. नदीवरच्या छोट्या जलविद्युत प्रकल्पांविरुद्ध उभे राहिलेले गावकरी किंवा तालुक्याच्या अंदाजपत्रकावर लक्ष ठेवणारे पाच-सहा तरुण यांना राजधानीतील संस्थांच्याच मोजपट्टीने मोजले तर मदत राजधानीतच फिरत राहते.

पैसा आल्यानंतरची शिस्त पहिल्या दिवसापासून लागते. अनुदान एक लाख युरोंहून अधिक असेल तर शेवटच्या हप्त्याआधी खर्च पडताळणीचा अहवाल द्यावा लागतो, आणि अखेरचे पैसे मिळाल्यावर पाच वर्षे, तर ६०,००० युरोंपर्यंतच्या अनुदानात तीन वर्षे, सर्व पावत्या जपाव्या लागतात. संघाचे लेखापाल त्या केव्हाही मागू शकतात. या भागात मात्र कागद मागायला तेच येतील असे नाही. जुलै २०२० मध्ये सर्बियात पैशांच्या अफरातफरीविरोधी कार्यालयाने पन्नासहून अधिक संस्था आणि व्यक्तींच्या बँक खात्यांची माहिती मागवली, आणि त्यांत सरकारवर टीका करणारे पत्रकार व नागरी संस्था होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूएसएडच्या पैशाचे कारण देऊन बेलग्रेडमधील संस्थांच्या कार्यालयांत पोलिस गेले. म्हणून प्रत्येक अनुदानासाठी वेगळे खाते ठेवावे, प्रत्येक पावतीवर करार क्रमांक लिहावा, आणि स्कॅन केलेल्या प्रतींचा एक संच कार्यालयाबाहेर, शक्यतो सहअर्जदाराकडे ठेवावा.