फार्मचा साल्मन की वाइल्ड? मासा काय खाऊन वाढला ते बघा

बडोद्यात अलकापुरी-गोत्रीकडच्या मोठ्या दुकानांच्या फ्रीझरमध्ये हल्ली साल्मन सहज दिसतो, आणि आपल्या मासे खाणाऱ्या मराठी घरांत डॉक्टरांनी ओमेगा-३, म्हणजे माशांतली हृदयाला चांगली चरबी, खा म्हटलं की पहिलं नाव त्याचंच निघतं. मग एक काकू दुसरीला सांगतात, "फार्मचा असेल तर घेऊ नका हं, त्यात काही सत्त्व नसतं." हे चूक आहे, आणि या समजुतीपायी लोक एकतर चांगला मासा सोडून देतात नाहीतर "वाइल्ड", म्हणजे न पाळता निसर्गात वाढलेला, एवढ्या एका शब्दासाठी दुप्पट पैसे मोजतात, म्हणून जरा नीट सांगते.

आधी पाकिटावर बघा. अटलांटिक साल्मन लिहिलं असेल तर तो जवळपास नक्की फार्मचाच, बहुतेक नॉर्वेचा, कारण हा मासा पाळण्यात नॉर्वे पहिला आणि चिली दुसरा. दुकानात मिळणारा वाइल्ड म्हणजे पॅसिफिकमधला, सॉकाय, कोहो, किंग, पिंक असली नावं असतात, आणि त्यातला बराचसा अलास्काचा, तिथे १९९० पासून मासे फार्मवर पाळायला कायद्यानेच बंदी आहे. आणि "इंडियन साल्मन" म्हणून जो विकतात तो आपला रावस! चवीला उत्तम, पण त्याचं कुळच वेगळं, साल्मनचे आकडे त्याला लावू नका.

आता आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या फार्मच्या अटलांटिक साल्मनमध्ये साधारण १३ ग्रॅम चरबी आणि २०८ कॅलरी आहेत, वाइल्ड अटलांटिकमध्ये चरबी ६ ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी १४२. प्रोटीन दोन्हीत २० ग्रॅमच्या जवळ, म्हणजे तिथे भांडण नाहीच. फरक सगळा चरबीचा, आणि ओमेगा-३ ही पण चरबीच, त्यामुळे फार्मचा मासा जास्त चरबीचा असल्याने एका तुकडीमागे त्यातून ओमेगा-३ बरेचदा वाइल्डइतकं किंवा जास्तच मिळतं. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं, पण तसंच आहे.

पण खरी गंमत पुढे आहे. ओमेगा-३ मासा स्वतः फारसं बनवतच नाही. ते बनवतं समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ, ते खातात बारीक जीव, त्यांना छोटे मासे, आणि मग साल्मन. फार्मवर ही साखळी माणसाच्या हातात असते. १९९० च्या सुमाराला नॉर्वेतल्या खाद्यात जवळजवळ ९० टक्के माल समुद्रातला होता, माशांची पावडर नि माशांचं तेल. पुढे फार्म इतके वाढले की तेवढे छोटे मासे आणायचे कुठून, मग सोयाबीन आणि रेपसीडचं (मोहरीच्या जातीच्या बियांचं) तेल आलं, आणि आता खाद्याचा मोठा भाग शेतातूनच येतो. त्याचा परिणाम माशाच्या मांसात दिसला. स्कॉटलंडच्या स्टर्लिंग युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ३,००० हून जास्त फार्मचे मासे तपासून २०१६ मध्ये दाखवलं की २००६ ते २०१५ मध्ये त्यांच्यातलं ईपीए आणि डीएचए, म्हणजे कामाचं ओमेगा-३, जवळपास निम्म्यावर आलं. तरीसुद्धा उरलेलं इतर बहुतेक माशांपेक्षा जास्तच होतं. ओमेगा-६ ही दुसऱ्या प्रकारची चरबी मात्र वाढली, ती वनस्पती तेलातून येते. आता काही कंपन्या टाक्यांमध्ये वाढवलेल्या शेवाळाचं तेल खाद्यात घालतात आणि मला हा रस्ता सगळ्यात पटतो, समुद्रातले छोटे मासे उपसायला नकोत आणि ओमेगा-३ पण परत येतं.

याच खाद्याच्या बदलाची दुसरी बाजू पण आहे. २००४ मध्ये सायन्स या नियतकालिकात आलं होतं की फार्मच्या साल्मनमध्ये पीसीबी हे प्रदूषक वाइल्डपेक्षा जास्त सापडले, आणि तेव्हापासूनची भीती अजून फिरते आहे. पण ते पीसीबी माशांच्या तेलातूनच येत होते! तेल कमी झालं तसे तेही उतरले, इतके की पुढे नॉर्वेतल्या एका तुलनेत वाइल्ड अटलांटिकमध्येच ते जास्त निघाले. म्हणजे ज्या बदलाने ओमेगा-३ घटवलं त्यानेच घाणही घटवली. पारा दोन्हीत कमीच असतो.

रंगाबद्दल फार अफवा आहेत. साल्मनच्या मांसाचा तो केशरी रंग अ‍ॅस्टाझँथिन या रंगद्रव्याचा, वाइल्ड साल्मनला तो क्रिल आणि झिंग्यासारख्या जिवांतून मिळतो, फार्मवर तोच पदार्थ खाद्यात घालतात, नाहीतर मांस फिकट राखाडी राहील. इंजेक्शन वगैरे कोणी देत नाही.

वाइल्ड खरोखर पुढे आहे तो व्हिटॅमिन डी मध्ये, विशेषतः सॉकाय. बोस्टनच्या एका २००७ च्या तपासणीत फार्मच्या साल्मनमध्ये वाइल्डच्या पाव भागाएवढंच डी मिळालं होतं, मासे थोडेच तपासले होते, पण फरक मोठा. आपल्याकडे ऊन असूनही डी कमी असलेली माणसं घरोघर आहेत, तेव्हा ज्यांना परवडतं त्यांनी सॉकाय आणावा.

ज्यांना नाही परवडत त्यांनी किलोला हजारांत पैसे घालूच नयेत. बर्फात येणारा ताजा बांगडा नि तारली हेही चरबीदार समुद्री मासे, ईपीए-डीएचए त्यांच्यातही भरपूर, आणि ते तर वाइल्डच!

शिजवताना एवढं बघा की बुडवून तळू नये, वाफवला किंवा तव्यावर थोड्या तेलात शेकला तर ओमेगा-३ फारसं जात नाही. फार्मचा तुकडा चरबीमुळे दोन मिनिटं जास्त राहिला तरी मऊ राहतो, सॉकाय मात्र लगेच कोरडा पडतो, तो आतून किंचित ओलसर असतानाच गॅस बंद करायचा.