न्यू राइट (अमेरिका)

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी राजकारण उजवीकडे नेणारी चळवळ. करकपात, कम्युनिझमविरोध आणि पारंपरिक कुटुंबव्यवस्था या तीन आग्रहांची तिने मोट बांधली. रोनाल्ड रेगन यांचा १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीतला विजय हे तिचे सर्वांत ठळक यश. मात्र त्याचे सगळे श्रेय त्यांच्या वक्तृत्वाला देणे म्हणजे आधीच्या पंधरा वर्षांच्या कारकुनी कष्टांवर अन्याय करणे होय.

सुरुवात सपशेल पराभवातून झाली. १९६४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना पन्नासपैकी सहाच राज्ये मिळाली. एक त्यांचे स्वतःचे, उरलेली पाच दक्षिणेतली. वर्णभेदाला बंदी घालणाऱ्या त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिले होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटिक पक्षाला बांधलेले तिथले गोरे मतदार त्यामुळेच त्यांच्याकडे वळले. चळवळीचे अभिमानी हा भाग सहसा आवरता घेतात. पण पुढे रिपब्लिकन पक्षाने दक्षिण जिंकली ती याच वाटेने.

निकालानंतर रिचर्ड व्हिगरी या तरुणाने वॉशिंग्टनमध्ये वेगळेच काम हाती घेतले. पन्नास डॉलर किंवा अधिक देणगी देणाऱ्यांची नावे प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, कार्यालयात नोंदवली जात आणि ती कोणालाही पाहता येत. व्हिगरी यांनी तिथे बसून गोल्डवॉटर यांच्या सुमारे साडेबारा हजार देणगीदारांचे नाव-पत्ते हाताने उतरवून घेतले, मदतीला माणसेही लावली. ही यादी वाढवत वाढवत संगणकावर चढली आणि घरोघर पत्रे जाऊ लागली. शाळा, बंदुका, गर्भपात, पनामा कालव्याचे हस्तांतर; ज्याला ज्या विषयाचा संताप, त्याला त्या विषयाचे पत्र. जमलेल्या वर्गणीतला मोठा वाटा छपाई-टपालातच जाई, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. पण पैसे न पाठवणाराही पत्र वाचत असे. मोठी वर्तमानपत्रे आणि टीव्ही वाहिन्या यांना वळसा घालून मतदारापर्यंत पोहोचण्याची वाट सापडली होती.

१९७३ मध्ये बिअर उत्पादक जोसेफ कूर्स यांच्या पैशावर हेरिटेज फाउंडेशन ही उजव्या विचारांची धोरण-अभ्यास संस्था उभी राहिली. स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीला ३८ राज्यांची मान्यता हवी होती. फिलिस श्लाफ्ली यांनी गृहिणींची फळी उभारून ती ३५ वर रोखली. इव्हॅन्जेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणारे प्रोटेस्टंट ख्रिस्ती मात्र गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाने एकदम पेटून उठले, असे जे सांगितले जाते ते अर्धसत्य आहे. वर्णभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करसवलत काढून घेण्याच्या सरकारी हालचालींनी ते खवळले, असे चळवळीचे संघटक पॉल वायरिक यांनीच पुढे सांगितले. १९७९ मध्ये धर्मोपदेशक जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही अशा मतदारांची संघटना स्थापन केली. तिचा रोख होता तेव्हाचे डेमोक्रॅट अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यावर, जे स्वतः चर्चच्या रविवारच्या शाळेत बायबल शिकवत!

मध्यमवर्ग ओढला गेला तो घरपट्टीमुळे. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात घरांच्या किमती भडकल्या. घर विकायचे नसलेल्या पेन्शनरांच्या हाती त्यातला डॉलरही पडत नव्हता, घरपट्टी मात्र किमतीबरोबर वाढत होती. सत्तरी ओलांडलेले हॉवर्ड जार्विस आणि त्यांचे सहकारी पॉल गॅन यांनी सह्या गोळा करून ‘प्रपोझिशन १३’ हा घरपट्टीला मर्यादा घालणारा प्रस्ताव थेट जनतेच्या मतदानाला आणला. कर किमतीच्या एक टक्क्यापुरता, करपात्र किमतीची वाढ वर्षाला फार तर दोन टक्के, नवे मूल्यांकन मालक बदलल्यावर किंवा नवे बांधकाम झाल्यावरच. जून १९७८ मध्ये जवळपास ६५ टक्के मतांनी तो मंजूर झाला. परिणामी शेजारशेजारच्या सारख्या घरांत जुना मालक नव्यापेक्षा कितीतरी कमी कर भरू लागला. कंपन्यांच्या जागांनाही तोच नियम असल्याने त्यांचेही चांगभले झाले.

१९८० मध्ये महागाई १३ टक्क्यांवर गेली होती आणि अमेरिकी ओलीस इराणमध्ये अडकले होते. रेगन यांनी ४४ राज्ये जिंकली. त्यांच्या दोन कारकिर्दींत प्राप्तिकराचा वरचा दर ७० टक्क्यांवरून २८ वर आला आणि संपावरच्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना घरी पाठवले गेले. सरकारचा आकार कमी करण्याचे आश्वासन मात्र कागदावरच राहिले. लष्करी खर्च वाढला आणि राष्ट्रीय कर्ज जवळजवळ तिप्पट झाले. मुंबईत जन्मलेले, मूळचे गोव्याच्या कुटुंबातले उजवे लेखक दिनेश डिसूझा याच काळात व्हाइट हाउसमध्ये धोरण सल्लागार होते.

१९९४ मध्ये न्यूट गिंगरिच यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकनांनी चाळीस वर्षांनी प्रतिनिधिगृह जिंकले. १९३५ पासून गरीब कुटुंबांना असलेली संघराज्याच्या अर्थसाहाय्याची हमी ऑगस्ट १९९६ मध्ये संपुष्टात आली. त्या कायद्यावर सही केली डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी.