स्टेज टॅन (शरीरसौष्ठव)

शरीरसौष्ठव स्पर्धेआधी अंगाचा रंग गडद आणि एकसारखा दिसावा म्हणून कातडीवर लावायच्या रंगलेपाला स्टेज टॅन किंवा नुसते टॅन म्हणतात. मंचावरच्या प्रखर दिव्यांत उजळ कातडी चकाकते, स्नायूंमधल्या सावल्या पुसल्या जातात आणि महिनोन्‌महिने घाम गाळून काढलेल्या रेषा समोरून दिसतच नाहीत. सावळ्या स्पर्धकालाही टॅन लागतो. त्याचे हात आणि मान उन्हाने रापलेली असते, पण बनियनखालची छाती-पाठ उजळच राहिलेली असते.

या लेपातले मुख्य द्रव्य डायहायड्रॉक्सीॲसिटोन, म्हणजे डीएचए. ही एक साधी शर्करा आहे. कातडीच्या सर्वांत वरच्या मृत थरातील अमिनो आम्लांशी तिची अभिक्रिया होऊन तपकिरी रंगद्रव्ये तयार होतात. तव्यावरची भाकरी तांबूस होते ती याच जातीच्या अभिक्रियेने. १९५०च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटी येथे संशोधक एव्हा विट्गेन्स्टाइन हे द्रव्य आजारी मुलांना औषध म्हणून पाजत असताना, सांडलेल्या थेंबांखालची कातडी तपकिरी झालेली त्यांना दिसली. १९६०मध्ये त्यावर आधारलेले लोशन अमेरिकेच्या बाजारात आले. घरगुती लोशन व मूसमध्ये (फेसासारख्या लेपात) डीएचए साधारण ३ ते ५ टक्के असते, स्पर्धेसाठीच्या उत्पादनांत त्याहून जास्त. रंग दोन-चार तासांनी दिसू लागतो आणि पुरता चढायला आठ ते चोवीस तास घेतो.

कोल्हापूर हे तालमींचे गाव, खासबाग मैदानाचे गाव. इथे जिममध्ये जाणाऱ्या पोरालाही अंगाला तेल चोळायची सवय असते, आणि नेमके तेच टॅनच्या आड येते. तेलाचा पातळ थर राहिला तरी डीएचए कातडीपर्यंत पोचत नाही आणि रंग ठिगळाठिगळांनी चढतो. म्हणून स्पर्धेच्या किमान तीन दिवस आधी खोबरेल, मालिशचे तेल आणि जाड क्रीम पूर्ण बंद करावे. टॅन फसतो तो बहुतेक वेळा या पूर्वतयारीत, लावण्यात नव्हे.

स्पर्धा रविवारी असेल तर अंगावरचे केस गुरुवारी काढावेत. ताज्या वस्तऱ्यानंतर लगेच टॅन लावला तर केसांच्या मुळाशी काळे ठिपके दिसतात. शुक्रवारी संध्याकाळी खरखरीत पंचाने अंग आणि वज्रीने टाचा घासाव्यात, मग भरपूर साध्या पाण्याने धुवावे. डीएचए आम्लधर्मी वातावरणात टिकते आणि वडीचा साबण अल्कधर्मी असतो, म्हणून त्याचा अंश अंगावर राहू देऊ नये. न्हाणीघरातली वाफ जाऊन अंग कोरडे ठणठणीत होईपर्यंत थांबावे.

पहिला थर शुक्रवारी रात्री, दुसरा शनिवारी रात्री. एका थराला साधारण ३० ते ४० मिली पुरते. पायापासून वर, गोल फिरवत, हातमोजा किंवा स्पंजने लावावे. पाठीला जोडीदार हवाच. कोपर, गुडघे, घोटे येथे मृत थर जाड असल्याने रंग जास्त मुरतो, म्हणून तेवढ्याच जागी आधी चिमूटभर मॉइश्चरायझर. हातमोजा नसेल तर तळहात दर पाच मिनिटांनी धुवावेत. उजळ छाती-पाठीला एक जादा हलका थर द्यावा. पंख्याखाली १५-२० मिनिटे वाळवून जुने, सैल, गडद कपडे घालावेत. आठ तास पाणी आणि घाम टाळायचा. पावसाळ्यातल्या दमट हवेत हेच सर्वांत अवघड जाते. चपलेचा घट्ट पट्टाही पायावर पांढरी रेघ सोडतो.

सकाळी साबणाविना कोमट पाण्याने अंग हलके धुवावे, म्हणजे लेप कुठे लागला ते लावताना दिसावे म्हणून त्यात घातलेला वरचा रंग निघून जातो. ही पायरी टाळू नये: आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघाच्या नियमांत पुसून निघणारा रंग चालत नाही. काखेत डिओडोरंट लावू नये. तिथला टॅन हिरवट पडतो. रंग नारिंगी आला तर बहुधा डीएचएचे प्रमाण त्या कातडीला जास्त झालेले असते किंवा बाटली जुनी, उन्हात ठेवलेली असते.

आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून २४ तास पाहावे. डोळे, ओठ, नाकपुड्या यांना लेप लागू नये, आणि बंद खोलीत फवारा मारू नये. टॅनमुळे उन्हापासून पुरेसे संरक्षण मिळत नाही, सनस्क्रीन लागतेच. कातडी काळी करणारी म्हणून मिळणारी इंजेक्शने हा वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

मृत थर झडतो तसा टॅन पाच-सात दिवसांत फिकट होतो, पण ठिगळांनी. लवकर काढायचा असेल तर खोबरेल लावून पंधरा मिनिटे मुरू द्यावे आणि ओल्या पंचाने घासावे.