'साहित्य' या शब्दाचा घोळ : लेनिन, पक्ष आणि वर्तमानपत्र

पक्ष आधी की वर्तमानपत्र आधी? १९०१ च्या मे महिन्यात 'इस्क्रा' या रशियाबाहेर छापल्या जाणाऱ्या रशियन समाजवाद्यांच्या पत्राच्या चौथ्या अंकात लेनिनने याचं उत्तर दिलं: आधी वर्तमानपत्र. ते प्रचार करतं, लोकांना चेतवतं, आणि संघटनाही बांधतं. इमारत बांधताना भोवती परांची उभारतात, तसं. बारीक कागदावर छापलेले अंक दुहेरी तळाच्या पेट्यांतून रशियात जायचे. ते आत नेणारे, वाटणारे, कारखान्यातली बातमी उलट कळवणारे, याच माणसांच्या जाळ्यातून पक्ष उभा राहायचा होता. म्हणून १९०३ च्या पक्षाच्या अधिवेशनात 'इस्क्रा'चे संपादक सहा ठेवायचे की तीन, यावरून एवढं पेटलं. संपादक मंडळ हेच नेतृत्व होतं. त्याच वर्षी लेनिन मंडळातून बाहेर पडला आणि पत्र पक्षातल्याच विरोधी गटाच्या (मेन्शेविकांच्या) हाती गेलं.

पण खरा घोळ १९०५ च्या लेखाचा. झारने नागरी स्वातंत्र्याचं आश्वासन देणारा जाहीरनामा ऑक्टोबरमध्ये काढल्यानंतर रशियात उघडपणे वर्तमानपत्र काढणं शक्य झालं होतं, आणि आजवर चोरून लिहिणाऱ्या पक्षासमोर नवीनच प्रश्न आला: पक्षाच्या नावावर कोणी काहीही लिहिलं तर? नोव्हेंबरच्या त्या लेखात लेनिनने 'पार्तीयनाया लितेरातूरा' असा शब्द वापरला. मराठीत आपण त्याला 'पक्षीय साहित्य' म्हणतो, आणि आपल्याला घोटाळा लगेच कळायला हवा. निवडणुकीत कार्यकर्ता 'साहित्य वाटायला' निघतो तेव्हा त्याच्या पिशवीत कविता नसतात, पत्रकं असतात. लेनिनच्या यादीतही वर्तमानपत्रं, प्रकाशनगृहं, पुस्तकांची दुकानं, वाचनालयं आहेत. ती पक्षाला जबाबदार हवीत, हा त्याचा आग्रह. कोणालाही काहीही लिहायची मोकळीक आहे, पण पक्षविरोधी लिहिणाऱ्याला काढून टाकायची पक्षालाही मोकळीक आहे, असा त्याचा युक्तिवाद. साहित्य हे पक्षाच्या यंत्रातलं 'चाक आणि स्क्रू' व्हावं, ही गाजलेली उपमा इथलीच. तिच्यापाठोपाठ त्याने हेही लिहिलं की साहित्याला यांत्रिक सपाटीकरण सगळ्यांत कमी मानवतं, तिथे विचाराला आणि कल्पनेला ऐसपैस जागा हवी. हे वाक्य नंतरच्यांनी सोयीने मागे टाकलं. अर्थात त्याच लेखात पैशाच्या थैलीला बांधलेल्या लेखक-कलावंतांचाही समाचार आहे, त्यामुळे लेख कथा-कवितेबद्दलचा समजून वाचणाऱ्यांच्या माथी सगळा दोष मारता येत नाही.

मराठी वाचकाला जवळचा धागा १९०८ चा. 'केसरी'तल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, आणि लेनिनने त्याची दखल घेतली. संपादकाच्या शिक्षेवर कामगार रस्त्यावर येतात, हे त्याला फार मोलाचं वाटलं.

सत्ता आल्यावर मात्र चित्र उलटलं. क्रांतीनंतर दोनच दिवसांत, २७ ऑक्टोबर १९१७ ला, लेनिनच्या सहीने विरोधी वर्तमानपत्रं बंद करण्याचा हुकूम निघाला. व्यवस्था सुरळीत झाली की तो मागे घेऊ, असं हुकुमातच लिहिलेलं होतं. १९२२ मध्ये सेन्सॉरचं कायमचं खातंच उभं राहिलं. १९४६ मध्ये लेनिनग्राडच्या दोन मासिकांवर आणि त्यांतल्या लेखकांवर पक्ष घसरला, तेव्हा आधार घेतला तो १९०५ च्या लेखाचाच. पत्रकांसाठीचा नियम तोवर कवितेला लागू झाला होता.

चीनमध्येही १९०५ चा लेख याच अर्थाने पोचला. १९४२ मध्ये चिनी कम्युनिस्टांचं ठाणं असलेल्या येनानला लेखक-कलावंतांसमोर 'चाक आणि स्क्रू' पुन्हा ऐकवले गेले. पुढे चाळीस वर्षांनी, १९८२ मध्ये, चिनी भाषांतर नव्याने तपासलं गेलं आणि शीर्षकातला 'साहित्य' हा शब्द काढून 'प्रकाशनं' असा शब्द घालण्यात आला.