१९५७ च्या दस्तावर ‘जिल्हा सांगली’

तासगाव तालुक्यातल्या जमिनीचं एक वाटणीपत्र आहे असं समजा. तारीख १२ जून १९५७. कागद पिवळा पडलेला, घड्या विरलेल्या, खाली चार सह्या आणि दोन अंगठे. पहिल्याच ओळीत लिहिलंय ‘जिल्हा सांगली’. इथेच थांबायला हवं. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळालं ते १९६० मध्ये. १९५७ चा दस्तलेखक ‘जि. दक्षिण सातारा’ असंच लिहिणार.

खोटा दस्त बहुतेक वेळा मागच्या तारखेचा असतो, आणि त्याला कायद्यातलं एक कारण आहे. तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आला, तर त्यावरच्या सह्या आणि अक्षर खरं आहे असं न्यायालय गृहीत धरू शकतं. तोवर साक्षीदारही हयात नसतात. म्हणून तपासाची सुरुवात सहीपासून न करता तारखेपासून करावी. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

काही तारखा हाताशी ठेवण्यासारख्या आहेत. रुपयाचे शंभर नये पैसे झाले १ एप्रिल १९५७ ला. त्याआधीचा हिशेब आणे-पैचा. ‘नये’ हा शब्द गेला १ जून १९६४ ला. ‘महाराष्ट्र राज्य’ १ मे १९६० पासून. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून, त्यामुळे १९६८ च्या पत्रावर ‘सांगली ४१६४१६’ असा रबरी शिक्का असेल तर तो शिक्का नंतरचा. रुपयाचं ₹ हे चिन्ह १५ जुलै २०१० ला स्वीकारलं गेलं. मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ मध्ये आले आणि उच्चार न होणारे अनुस्वार गेले. १९३५ च्या शिकलेल्या कारकुनाच्या हातचा मजकूर ‘नाहीं’, ‘कांहीं’ ऐवजी सगळीकडे ‘नाही’, ‘काही’ असा असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

या सगळ्यात एक दिशा सांभाळावी लागते. जुनी गोष्ट पुढच्या काळात सापडू शकते: शिल्लक मुद्रांक वापरले जातात, जुना शिक्का कचेरीत वर्षानुवर्षं चालतो, म्हातारे लोक जुन्या वळणाने लिहीत राहतात. नवी गोष्ट मात्र आधीच्या काळात सापडू शकत नाही. पुरावा म्हणून फक्त दुसरी विसंगती धरायची.

मोडी कागदांना तर तारखेपासून सुरुवात करण्याचा नियम फारच लागू पडतो, कारण त्यांत एकाच दिवसाच्या दोन-तीन कालगणना असतात. ‘सुरू सन अर्बा सितैन मया व अलफ’ हा अरबी अंकशब्दांत लिहिलेला सुहूर सन; म्हणजे ४ + ६० + १०० + १००० = ११६४. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो; मृगानंतरच्या महिन्यांसाठी त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. इथे १७६३-६४ येतं. त्याच कागदावर शके १६८५, सुभानू संवत्सर असेल तर जमलं. सुहूर एक वर्ष आणि शक दुसरंच सांगत असेल, तर आधी नकलाकाराची चूक आहे का ते पाहावं आणि मग बनावटीचा विचार करावा. साताऱ्याकडच्या वतन-इनामाच्या कागदांच्या नकला पुढच्या पिढ्यांनीही करून ठेवलेल्या असतात. नकल म्हणजे खोटा कागद नव्हे.

आता कागदाकडे. अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा धरला की आधुनिक पांढरा कागद निळसर चमकतो, कारण त्यात चकाकी आणणारी रसायनं घातलेली असतात. कागदात ती साधारण १९५० नंतर आली. १९३० च्या तारखेचा कागद असा लख्ख उजळला तर प्रश्न तिथेच उभा राहतो. बाजारातले नोटा तपासायचे स्वस्त टॉर्च पुष्कळदा ३९५ नॅनोमीटरचे असतात. त्यांचा जांभळा उजेडच इतका असतो की खरी चमक त्यात हरवते. आणि पूजेत दस्ताला लावलेलं हळदीचं बोट या दिव्यात पिवळं चमकतं; त्याला रासायनिक खाडाखोड समजू नये.

कागद म्हातारा दिसावा म्हणून चहाच्या पाण्यात बुडवतात किंवा चुलीच्या धगीवर धरतात. असा रंग बहुधा सगळीकडे सारखा किंवा ढगाळ डागांचा बसतो. खऱ्या जुन्या कागदावर हवा, उजेड आणि हात जिथे लागले तिथे जास्त रंग चढतो: कडांना आणि घडी घातल्यावर बाहेर राहिलेल्या पानाला. आतली पानं उजळ राहतात.

घडी तर भिंगाखाली पाहावीच. दहा पटींचं भिंग पुरेल, वीस पटींचं असलं तर उत्तम. कागद दुमडला की घडीवरचे तंतू तुटून फुलतात. लिखाण आधी आणि घडी नंतर असेल, तर शाईची रेघ घडीवर तंतूंबरोबर तुटलेली दिसते आणि तुटलेल्या तंतूंची टोकं आतून पांढरी असतात. घडी आधी आणि लिखाण नंतर असेल, तर पातळ शाई त्या फुललेल्या तंतूंत शिरते, घडीच्या दोन्ही बाजूंना पसरते, आणि रेघेला तिथे छोटे काटे फुटतात. बॉलपेनची दाट शाई इतकी पसरत नाही. तिथे गोळी घडीत अडखळते आणि रेघ तुटक होते. हाच न्याय कसरीने पाडलेल्या भोकांना. अक्षरं भोकाला वळसा घालून गेली असतील किंवा भोकाच्या कडेत शाई मुरलेली असेल, तर कीड आधी लागली आणि दस्त नंतर लिहिला.

वाढवलेला आकडा पकडायचा तर अवरक्त किरण कामाचे. ‘१’ चा ‘९’ करायला एक लहानसा फाटा पुरतो. दोन निळी पेनं डोळ्यांना सारखी दिसली तरी ७०० ते १००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात एकाची शाई विरून जाते आणि दुसऱ्याची काळी राहते. प्रयोगशाळेत व्हिडिओ स्पेक्ट्रल कम्पॅरेटर नावाच्या यंत्रात एकामागून एक गाळण्या बदलत हे पाहतात. काजळाची शाई, पेन्सिल आणि लेझर प्रिंटरची पूड यांत कार्बन असल्याने त्या काळ्याच दिसतात. दोन्ही शाया सारख्याच वागल्या तर त्या एकाच पेनाच्या आहेत हे मात्र सिद्ध होत नाही; फक्त या तपासणीत फरक सापडला नाही, एवढंच.

आपल्याकडचा सगळ्यात त्रासदायक प्रकार म्हणजे कोऱ्या कागदावर सही-अंगठा घेऊन मजकूर नंतर भरणं. सही खरीच असते, त्यामुळे अक्षरतज्ज्ञाचा अहवाल उलट खोटा दस्त करणाऱ्याच्याच बाजूने जातो. इथे मांडणी बोलते: सहीजवळ आल्यावर ओळी दाटतात, अक्षर बारीक होतं, नाहीतर जागा भरून काढायला शब्द ताणले जातात. मजकूर आणि सही कुठे एकमेकांवर आली असतील तर ती जागा सोन्यासारखी जपावी. लेझर प्रिंटची पूड वितळून कागदावर थर धरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती सहीच्या रेघेवर बसलेली दिसली, तर सही आधीची. पण प्रिंटरमधून पुडीचे सुटे कणही कागदभर उडतात आणि बॉलपेनची शाईसुद्धा चमकते. त्यामुळे एका छेदावरून निष्कर्ष काढणं धोक्याचं.

वहीतल्या वरच्या पानावर लिहिलं की खालच्या पानांवर दाब उमटतो. खोल दाब अंधारात टॉर्च कागदाच्या जवळजवळ समांतर धरला तरी वाचता येतो. उथळ दाबासाठी स्थिरविद्युत यंत्र असतं: कागद आधी दमट करतात, धातूच्या सच्छिद्र पाटावर ठेवून वर पातळ प्लास्टिकची फिल्म ताणतात, तिला विद्युतभार देतात आणि काळी पूड ओततात. दाबाच्या जागी पूड धरते. यात मूळ कागद खराब होत नाही. बोटांच्या ठशांसाठीची रसायनं आधी मारली, तर मात्र हे दाब पुसट होतात. म्हणून ही चाचणी त्याआधी.

सहीच्या तुलनेत अडचण असते ती नमुन्यांची. वादग्रस्त सहीच्या आसपासच्या वर्षांतल्या निर्विवाद सह्या लागतात, दहा-पंधरा तरी: बँकेचा फॉर्म, सोसायटीचं कर्जरोख्याचं पान, साखर कारखान्याच्या सभासदत्वाचा अर्ज, नोंदणीकृत दस्त. वीस वर्षांनंतरची सही उपयोगी पडत नाही. माणसाच्या दोन सह्या कधी तंतोतंत जुळत नाहीत. दोन सह्या एकमेकींवर ठेवून हुबेहूब बसल्या, तर त्यातली निदान एक गिरवलेली किंवा छापलेली असते. गिरवलेल्या रेघेत वेग नसतो. ती सगळीकडे सारख्या जाडीची असते, सुरुवात-शेवट बोथट असतात, आणि मध्येच पेन उचलून पुन्हा टेकवल्याच्या खुणा दिसतात. देवनागरीत शिरोरेखाही पाहतात: शब्द संपल्यावर एकदम ओढली आहे की अक्षरागणिक, डावीकडे किती बाहेर जाते.

‘शाई किती जुनी ते तपासा’ असा अर्ज कोर्टात पुष्कळ वेळा दिला जातो. बॉलपेनच्या शाईतला फिनॉक्सीइथेनॉल हा द्रावक उडत जातो आणि त्यावरून ताजी शाई ओळखण्याचे प्रयत्न होतात. पण हे उडणं पहिल्या एक-दोन वर्षांतच जवळजवळ थांबतं. दहा वर्षांची शाई आणि तीस वर्षांची शाई यांतला फरक खात्रीने सांगणारी सर्वमान्य पद्धत नाही. या अर्जापेक्षा शाईचा प्रकार विचारावा: जेल पेन १९८४ मध्ये बाजारात आलं, म्हणजे १९७५ च्या मृत्युपत्रावर जेलची शाई असू शकत नाही.

फौजदारी प्रकरणात पोलीस कागद पुण्याला सीआयडीतल्या राज्य दस्तऐवज परीक्षकांकडे पाठवतात. दिवाणी दाव्यात तज्ज्ञाच्या तपासणीसाठी अर्ज करावा लागतो. तज्ज्ञाचं मत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ खाली येतं, आणि कलम ७२ प्रमाणे न्यायालय स्वतःही अक्षराची तुलना करू शकतं. तपासणी मूळ कागदाचीच मागावी. झेरॉक्सवर दाब, रेघांचा क्रम, शाई यातलं काहीच कळत नाही.

तोवर मूळ दस्त घरात असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका. उष्णतेने थर वितळून कागदाला चिकटतो, दाबाची चाचणी कायमची बाद होते आणि अतिनील प्रकाशातही नीट दिसत नाही. चिकटपट्टी, स्टेपल, मार्कर, शंकेच्या जागी पेन्सिलचं वर्तुळ, यातलं काहीही नको. नवी घडी घालू नका. दस्त साध्या कागदी लखोट्यात सपाट ठेवा, आणि लखोट्यावर जे लिहायचं ते दस्त आत घालण्याआधी लिहा, नाहीतर तुमच्याच अक्षराचा दाब दस्तावर उमटेल.